मान खाली घातलेली रुई

गेल्या वर्षी जूनमधे "सापडलं!!" म्हणून ग्रुपवर फोटो टाकला आणि दहा मिनिटांत माझा पोपट झाला. मीड्स मिल्कवीड हे दुर्मिळ रानफूल म्हणून जे मिरवत होते ते निघालं ग्रीन मिल्कवीड, जे इथे कॅन्ससमधे कुठल्याही चराऊ माळावर उगवतं. फुलाच्या मधोमध जांभळा रंग चांगला दिसत होता फोटोत, पण मला बघायचाच नव्हता ना!

मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची चुलत बहीण. पान तोडलं की पांढरा चीक, शेंग उकलली की म्हाताऱ्या उडणार, सगळं तेच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, "अगं मारुतीला वाहतो ती रुईच की ही, हिच्यासाठी उन्हात भटकतेस होय?" आता ही मीड्सवाली १९८८ पासून सरकारी संरक्षित यादीत आहे वगैरे आईला काय सांगणार.

तर यंदा शहाणपणा करून माहितगार माणसांबरोबर गेले. मोजे पँटवर ओढून घेतले (गोचिड्या!) आणि आधी फूल शोधायचं नाही, माळ बघायचा असं ठरवलं, कारण हे झाड जिथे कधीच नांगर फिरला नाही अशाच गवतात सहसा टिकून असतं. बिग ब्लूस्टेम हे उंच गवत तर सगळीकडे लावलेलंही सापडतं, पण मधे मधे चंदेरी पानांचं लेडप्लांट दिसलं की समजायचं माळ जुना आहे. इथल्या लॉरेन्स गावाच्या उत्तरेचा रॉकफेलर प्रेअरी असाच, न नांगरलेला. आम्ही गेलो त्या माळाचं नाव मात्र लिहीत नाही, उगाच कोणी खणून न्यायला नको.

तासभर काहीच नाही. मग गुडघ्याएवढ्या गवतात एक काडी, फांदी नाही काही नाही, समोरासमोर बिनदेठाची गुळगुळीत पानं, त्यांवर द्राक्षावर असते तशी निळसर पांढरी लव, म्हणजे मेणाचा थर हो, आणि शेंड्याला एकच गुच्छ, हिरवट सायीच्या रंगाच्या दहा-बारा फुलांचा, तोही मान खाली घालून. ही मानच खरी खूण. सँड मिल्कवीड या दुसऱ्या जातीचा गुच्छ ताठ असतो, पानंही झालरीसारखी, खोडाला मिठी मारलेली.

पुढचं ऐकून मात्र वाईट वाटलं. हे माळ वाचले कारण शेतकऱ्यांनी ते गवत कापायला राखून ठेवले, नाहीतर इलिनॉयसारखा सगळीकडे मका-सोयाबीन झाला असता (ज्यांच्या नावाचं हे फूल ते डॉक्टर मीड तिकडचेच), पण गवत कापतात जूनअखेर-जुलैत, शेंग पिकायच्या आधी. मग झाड जमिनीखालून आडवं खोड पसरत जगतं, आणि आपल्याला चार काड्या दिसल्या तरी ते एकच झाड असू शकतं, आणि स्वतःच्याच परागावर बी धरत नाही! बी रुजलंच तरी फूल यायला पंधरा-पंधरा वर्षं लागू शकतात. माझा मुलगा तेवढ्यात कॉलेजला जाईल.

रात्री आईला फोटो पाठवला. लगेच रिप्लाय आला, "मान टाकलीय बिचारीने, पाणी घाल तिला."