तुम्ही विचारलेत म्हणून: एवढा गोंधळ सहन कसा होतो?

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे आणि रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात मदतीसाठी येणारे फोन घेते, हे कळल्यावर ऐकणारा बहुधा क्षणभर थांबतो आणि मग विचारतो, "पण एवढा गोंधळ तुम्हाला सहन कसा होतो?" त्याला जोडूनच अग्निशमन दलात आणि सैन्यात ऑटिस्टिक माणसांना काम जमेल का, अशीही चौकशी होते. प्रश्न आपुलकीनेच विचारलेला असतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दिवसभरात मला जी संभाषणे करावी लागतात, त्यांतले सर्वांत सुव्यवस्थित संभाषण आपत्कालीन फोनवरचे असते. आधी पत्ता, मग रुग्ण शुद्धीवर आहे का, मग श्वास नीट चालू आहे का. प्रश्नांचा क्रम ठरलेला, शब्द ठरलेले आणि कोणत्या उत्तरानंतर कुठे वळायचे तेही ठरलेले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. जेफ क्लॉसन यांनी अशी प्रश्नावली तयार केली आणि आज अनेक देशांतील कक्षांत ती किंवा तिच्यासारखी पद्धत वापरली जाते. प्रौढ रुग्णाचे हृदय बंद पडले असेल, तर त्याच्याजवळच्या माणसाकडून छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देऊन घ्यायचा असतो आणि त्याच्याबरोबर मोठ्याने आकडे मोजायचे असतात. फोनवरचा माणूस किंचाळत असेल, तर तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वरात, त्याच्या कानात शिरेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचे, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. लहानपणी याच सवयीपायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

त्रास होतो तो इतरत्र. डोक्यावरच्या दिव्यांची गुणगुण, पाठीमागे एकाच वेळी चाललेल्या गप्पा, ऐनवेळी बदललेली पाळी आणि "जरा बघून घ्या" असे सांगून निघून जाणारे वरिष्ठ, ज्यांना नेमके काय बघायला हवे आहे ते इतरांना कसे कळते हे मला अजून उमगलेले नाही. भिंतीलगतची ठरलेली जागा आणि पाळीतले बदल आगाऊ लेखी मिळणे, एवढ्याने माझे बरेच भागते. हे सर्वांना लागू पडेल असे मात्र नाही. २०१३मध्ये आलेल्या ऑटिझमच्या निदान-निकषांत संवेदनांची तीव्रता अधिक असणे आणि कमी असणे या दोन्ही गोष्टींचा समावेश झाला, तो योग्यच होता. अग्निशामकाचा जड पोशाख एकाला असह्य होतो आणि दुसऱ्याला त्याच दाबामुळे शांत वाटते.

सैन्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या भरतीच्या वैद्यकीय निकषांनुसार ऑटिझमचे निदान अपात्रतेचे कारण ठरते, जरी विशेष सवलत मागता येते. ब्रिटनमध्ये प्रत्येक उमेदवाराचा स्वतंत्र विचार होतो, पण २०१०च्या समानता कायद्यातील अपंगत्वाविषयीच्या नोकरीच्या तरतुदी तिथल्या सशस्त्र दलांना लागू नाहीत. भारतात २०१६चा दिव्यांग हक्क कायदा ऑटिझमला मान्यता देतो आणि सरकारी नोकरीत आरक्षणही देतो. मात्र ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदे त्यातून वगळण्यात आली.

याउलट उदाहरण म्हणून इस्रायलचे नाव हमखास घेतले जाते. तिथे ऑटिस्टिक तरुणांना सक्तीच्या सेवेतून सूट आहे, पण 'रोइम राखोक' या उपक्रमातून ते स्वेच्छेने भरती होतात आणि गुप्तवार्ता विभागात हवाई व उपग्रह छायाचित्रांचे बारकाईने विश्लेषण करतात. त्या कौतुकाने मी थोडी अस्वस्थ होते. ऑटिस्टिक माणसाने दारातून आत यायचे, तर त्याच्याकडे काही विलक्षण नजर असलीच पाहिजे, असा त्यातून समज होतो, आणि माझ्यासारख्या साधारण कुवतीच्या माणसांची पंचाईत होते.

सैन्याचे आक्षेप पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. आज कार्यालयात बसवलेल्या सैनिकाला उद्या कुठेही पाठवता आले पाहिजे, आणि तिथे ना झोपेची खात्री असते ना भिंतीलगतच्या जागेची. परंतु निदानावर घातलेली बंदी प्रत्यक्षात निदानाच्या कागदालाच अडवते. माझे स्वतःचे निदान नोकरीला लागल्यावर झाले. गणवेशातही अशी माणसे असणारच, आणि ज्याला स्वतःविषयी शंका येते, त्याने नोकरीच्या भीतीने डॉक्टरांकडे जायचे टाळले, तर त्याला लागणारी किरकोळ सोयसुद्धा तो कधी मागत नाही. असा माणूस मला सैन्याच्या दृष्टीनेही अधिक जोखमीचा वाटतो.

आपल्या मुलाला अग्निशामक होता येईल का, असे पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना उलट प्रश्न विचारते. श्वसनाचा मुखवटा लावून अंधारात रांगत जाणे त्याला जमेल का, हे सराव केंद्रावर एका दुपारीच कळते. पण एकही फोन न आलेली अख्खी पाळी त्याच त्या सहकाऱ्यांच्या थट्टामस्करीत, एकत्र जेवणात आणि रिकाम्या वाट पाहण्यात काढणे त्याला झेपेल का? ते कळायला काही महिने लागतात, आणि त्याची परीक्षा कोणत्याही भरतीत घेतली जात नाही.