तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट मिळतं, तरी स्टीमवर पैसे का घालता?

दिवाळीत भाचा विचारतो, डबा खाताना ऑफिसातली नवीन पोरं विचारतात, आणि लॅपटॉप साफ करून घ्यायला गेलो की दुकानदारही विचारतो: "गेम नेटवर फुकट पडलेत, पेन ड्राइव्हवर आणून देतो. तुम्ही विकत काय घेत बसता?"

विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मी आता चोरीवर प्रवचन झोडणार. ती बाजू आहेच. पुण्यात बसून मोजक्या माणसांनी वर्षानुवर्षं खपायचं, २०२० साली 'राजी'सारखा गेम काढायचा, आणि आपण तो टोरंटवरून उतरवायचा, हे मला पटत नाही. पण खरं सांगायचं तर नुसत्या तत्त्वावर मी एवढी वर्षं टिकलो नसतो. माझं कारण सरळ हिशेबी आहे. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप फोडून फुकट वाटलेल्या फोल्डरमध्ये फक्त गेम असतो. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, त्या गेमच्या मागे एक अख्खी यंत्रणा उभी असते आणि पैसे भरणाऱ्यांपैकीही कित्येकांनी ती उघडून पाहिलेली नसते. सेल लागला की घ्यायचं, हिरवं बटण दाबून खेळायचं, संपलं. मग त्यांना फुकटवाल्यांचं म्हणणं पटलं तर नवल नाही.

वाल्व कंपनीनं २००३ मध्ये स्टीम आणलं ते मुख्यतः स्वतःच्या गेमची अपडेट्स लोकांपर्यंत पोचवायला. दुकानदारी नंतर वाढली. आपल्याकडे रुपयांत किमती दिसायला २०१५चा नोव्हेंबर उजाडला. त्याआधी डॉलरचा भाव बघायचा आणि कार्ड चालतंय का याची धाकधूक. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल पूर्वीपासून म्हणत आलेत की पायरसी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो किमतीचाही आहे, हे त्यांना कोणीतरी महिनाअखेरीस सांगायला हवं. पण सेवेपुरतं म्हणाल तर त्यांचं बरोबर आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट घरातली. स्टीम फॅमिलीज २०२४च्या सप्टेंबरात सगळ्यांसाठी खुलं झालं. एका कुटुंबात सहा जण. प्रत्येकाचं खातं वेगळं, पण सगळ्यांचे गेम एकाच फडताळात. आमच्याकडे मी, बायको, नववीतली मुलगी आणि वडील असे चौघं आहोत. मी फॅक्टोरिओत कारखाना उभा करत असतो तेव्हाच बायको स्टारड्यू व्हॅलीत पेरणी करत असते, आणि दोन्ही गेम माझ्या खात्यावर घेतलेले आहेत. जुन्या फॅमिली शेअरिंगमध्ये हे जमायचं नाही. मालक खेळायला बसला की पाहुण्याला उठावं लागायचं. आता अट एवढीच की एकच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तर त्याच्या दोन प्रती लागतात. सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) आणि अचीव्हमेंट (खेळात मिळालेली बक्षिसं) ज्याच्या त्याच्या खात्यावर. काही गेम यात येत नाहीत, पण स्टोअरच्या पानावर तसं कळतं.

मुलीचं खातं 'लहान मूल' म्हणून जोडलंय. कुठले गेम दिसावेत, किती वेळ खेळावं, स्टोअर उघडावं की नाही, हे मी ठरवतो. तिला काही हवं असेल तर ती गेम कार्टमध्ये टाकून माझ्याकडे विनंती पाठवते. दुपारी मीटिंगमध्ये बसलेलो असताना फोन वाजतो, मी गेमचं पान बघतो, पटलं तर तिथूनच पैसे भरतो. पूर्वी हीच चर्चा जेवताना व्हायची आणि आमटी गार व्हायची.

भाच्याला मात्र मी आमच्या कुटुंबात घेतलेला नाही, त्यावरून बहिणीचा माझ्यावर राग आहे. तुम्हीही कोणाला घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि मोठा माणूस बाहेर पडला तर आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही. त्याची जागाही लगेच दुसऱ्याला देता येत नाही. दुसरं असं की तुमच्या प्रतीवर खेळताना कोणी चीट वापरून पकडला गेला तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी येऊ शकते. भाचा गुणी आहे. त्याच्या मित्रांची खात्री देता येत नाही.

आता वडिलांची गोष्ट. ते एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर त्यांना यूरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला आणि आमच्या हातचा टीव्ही गेला. मूळ गेममध्येच ब्रिटन आहे, त्यामुळे डाव्या बाजूनं गाडी हाकता येते. रस्त्यावरचं पहिलं वळण त्यांनी इतकं सावकाश घेतलं की मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. "प्रवासी बसलेत मागे," म्हणाले. मागे दह्याचे डबे होते.

अडचण बोटांची होती. कंट्रोलरवर, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या गेमच्या रिमोटवर, गाडीला वेग द्यायला उजवा ट्रिगर (मागची कळ) तर्जनीनं दाबून धरावा लागतो आणि त्यांचं ते बोट सांध्याच्या दुखण्यानं वाकत नाही. इथे स्टीममधली स्टीम इनपुट ही सोय कामाला आली. लायब्ररीत गेमच्या पानावर कंट्रोलरचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की आतमध्ये हवी ती कळ हव्या त्या कामाला लावता येते. मी ॲक्सिलरेटर डाव्या ट्रिगरवर नेला, ब्रेक उजव्या अंगठ्याखालच्या कळीवर ठेवला, आणि इंडिकेटर एकदा दाबला की डावा, दाबून धरला की उजवा असा करून दिला. गेमला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं नेहमीचाच कंट्रोलर आहे. शिवाय ही मांडणी त्या गेमपुरती आणि त्यांच्या खात्यापुरती राहते, त्यामुळे माझ्या सवयी बिघडत नाहीत. स्वतः जुळवायचा कंटाळा असेल तर लोकांनी करून ठेवलेल्या मांडण्या तिथेच मिळतात, त्यातली एखादी उचलायची. प्लेस्टेशनचा किंवा स्विचचा कंट्रोलर घरात असेल तर तोही चालतो. बाहेरून घेतलेला गेम 'नॉन-स्टीम गेम' म्हणून लायब्ररीत जोडला की त्यालाही हे सगळं लागू होतं. ज्यांचे हात, डोळे, खांदे आता कुरकुरायला लागलेत त्यांच्यासाठी स्टीममध्ये याहून उपयोगी काही नाही असं माझं मत आहे, आणि गेमिंगच्या गप्पांमध्ये याचं नाव शेवटून दुसऱ्या क्रमांकावर येतं.

भाच्याला फॅमिलीत घेतलं नाही, पण त्याच्याशी खेळणं थांबलेलं नाही. कपहेडसारखे गेम दोघांनी एकाच सोफ्यावर बसून खेळायचे असतात, त्यांना ऑनलाइन जोडीची सोय नाही. स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदर या सोयीत गेम माझ्या मशीनवर चालतो, चित्र त्याच्याकडे जातं आणि त्याच्या कळा माझ्याकडे येतात. गेम फक्त माझ्याकडे असला की पुरे. समोरच्याचं स्टीम खातं नसलं तरी लिंक पाठवता येते. तो फोनवर स्टीम लिंक ॲप टाकतो आणि येऊन धडकतो. मात्र तुमचं अपलोड चांगलं हवं. मोबाइल हॉटस्पॉटवर हा प्रयोग केलात तर मामा-भाच्याचे संबंध बिघडतील.

डेटा आणि डिस्क हे आपले कायमचे रडगाणे. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी जागा मागतो. घरात दोन संगणक असतील तर तो दोनदा उतरवू नका. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली स्थानिक नेटवर्कवरून गेम फाइल पाठवायची सोय आहे, २०२३ पासून. दोन्ही मशीन एकाच राउटरवर, दोन्हीकडे स्टीम सुरू, की दुसरं मशीन शेजारच्याकडून फाइली घेतं. इंटरनेटचा कोटा शाबूत राहतो. तिथेच अपडेट कोणत्या वेळेत व्हावीत ते ठरवता येतं. आमच्याकडे रात्री दोन ते सहा, म्हणजे सकाळी कोणाचा ऑनलाइन क्लास अडत नाही. डाउनलोड रेंगाळत असेल तर त्याच पानावर प्रदेश कुठला निवडलाय ते बघा. मुंबई असायला हवं, कधीकधी भलतंच काही निघतं. जागा कमी पडली तर स्टोरेजमध्ये जाऊन गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवा. काढून पुन्हा उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची दया येते. लॅपटॉप जुना असेल तर लायब्ररीच्या सेटिंग्जमध्ये लो परफॉर्मन्स मोड चालू करा. स्टीमचा स्वतःचाच मशीनवर भार पडतो, तो जरा कमी होतो.

फुकटवाल्यांशी वाद घालताना मी नेहमी पुढे करतो ती जागा वेगळीच आहे. गेमवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात बीटाज, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्यांचं पान. नाव फसवं आहे. तिथे येऊ घातलेल्या आवृत्त्या असतात तशा कित्येकदा जुन्याही असतात. फॅक्टोरिओची २.० आवृत्ती २०२४च्या ऑक्टोबरात आली आणि माझ्या जुन्या कारखान्यातली मॉड्स, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोडकामं, तिच्यावर चालेनात. बीटाजमध्ये जाऊन १.१ निवडली, कारखाना पुन्हा धडधडायला लागला. हवं तेव्हा पुढे, हवं तेव्हा मागे, अधिकृत फाइलींवर. टोरंटवर जी आवृत्ती पडली असेल ती आपली, आणि तिच्याबरोबर आणखी काय आलंय ते अँटीव्हायरसला विचारायचं. बाकी फॅक्टोरिओवाले कधीच सेल लावत नाहीत, त्यामुळे या एका बाबतीत भाच्याला देण्यासारखं स्वस्त उत्तर माझ्याकडे नाही.

बायकोच्या लॅपटॉपची एसएसडी एका सकाळी बोललीच नाही. ऑफिसच्या फाइलींचं जे झालं ते झालं, पण स्टारड्यूमधली तिची शेती, गोठ्यासकट, क्लाउडवर होती. नवी डिस्क बसवली, लॉगिन केलं, गाईंना चारा घातला. स्टीमच्या वेबसाइटवर आपल्या खात्याच्या पानातून क्लाउडमधल्या सेव्ह फाइली ब्राउझरवरून उतरवूनही घेता येतात. सगळेच गेम क्लाउड वापरत नाहीत, तेव्हा घेण्याआधी स्टोअरच्या पानावर उजवीकडे 'स्टीम क्लाउड' लिहिलंय का ते पाहा.

खेळता खेळता शिफ्ट आणि टॅब दाबलं की ओव्हरले, म्हणजे गेमच्या वरच स्टीमचा पडदा उघडतो. त्यात नोट्स आहेत. बायकोनं कोणाला वाढदिवसाला काय द्यायचं याची यादी तिथे केलीय. ती खिडकी पिन करून अर्धपारदर्शक ठेवली की गेमवर तरंगत राहते. रेकॉर्डिंगही २०२४ पासून आतच मिळतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ज्यांच्या मित्रयादीत साहेब आहेत त्यांनी गेमला 'प्रायव्हेट' करायला, म्हणजे इतरांपासून लपवायला शिकावं, एवढंच सुचवतो.

परताव्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण अर्धवट. घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळून दोन तासांपेक्षा कमी, या दोन्ही अटी बसल्या तर पैसे परत मिळतात, मूळ खात्यात किंवा स्टीम वॉलेटमध्ये. गेम चालू करून सेटिंग्जमध्ये घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, म्हणून पहिला तास लॅपटॉपला झेपतंय का एवढंच बघण्यात घालवा. आणि गेम घेतल्यावर लगेच सेल लागला तर परत करून स्वस्तात पुन्हा घेतलात तरी स्टीम त्याला गैरवापर मानत नाही, हे त्यांच्याच नियमात लिहिलंय. पुष्कळ लोक उगाच संकोचतात.

स्टीम सपोर्टमध्ये तुमच्या खात्याशी संबंधित माहितीत 'एक्स्टर्नल फंड्स यूज्ड' नावाचं एक पान आहे. आजवर एकूण किती पैसे घातलेत ते तिथे डॉलरमध्ये दिसतं. एकटे असताना उघडा.

आता जे फुकटवाले बरोबर बोलतात तेही सांगतो. स्टीमवर तुम्ही गेमचे मालक होत नाही, परवाना घेता. २०२४च्या ऑक्टोबरपासून पैसे भरतानाच तसं लिहून येतं. खातं गेलं तर लायब्ररी गेली, आणि ती मुलीच्या नावावर वारसानं करताही येत नाही. फॅमिलीतून तिला आज जे मिळतं ते माझं खातं चालू आहे तोवर. ज्यांना हे खुपतं त्यांनी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्यावं. तिथे गेमचा इन्स्टॉलर उतरवून डिस्कवर ठेवता येतो, कुठल्याही लॉगिनशिवाय चालतो. एकट्यानं खेळायचे जुने गेम मी तिथूनच घेतो. वडिलांचा ट्रक, मुलीची विनंती आणि भाच्याबरोबर दुरून कपहेड खेळायची सोय मात्र तिथे मिळत नाही, म्हणून बाकी सगळं स्टीमवर.