नवऱ्याने चर्चला येणं सोडलं तेव्हा : माझा अनुभव

नगरकडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, पेटीवाला म्हणजे अर्धा पाळकच, अर्धा धर्मगुरूच. माझे मिस्टर लग्नाआधीपासून उपासनेत पेटी वाजवायचे. मग सासूबाईंना कॅन्सर झाला. उपास-प्रार्थना झाल्या, घरसभा झाल्या. बाहेरगावच्या एका प्रचारकाने तर ठणकावून सांगितलं, "आई बऱ्या होणार, प्रभूने मला दाखवलंय." त्या गेल्या. दफनविधी आटोपून निघताना तोच गृहस्थ म्हणाला, घरातल्या कुणाचा तरी विश्वास कमी पडला.

हे काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पेपर उघडून बसले. "तू जा मुलांना घेऊन."

मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. "देव नाही असं मी म्हणत नाही," एकदा म्हणाले, "पण त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही." भांडले असते तर मी उत्तर दिलं असतं. याला काय उत्तर देणार?

मंडळीतल्या लोकांकडे मात्र उत्तरं भरपूर होती. भगिनी मंडळातल्या बायका बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढून दाखवायच्या, की बायकोने नवऱ्याला जिंकून घ्यावं. त्या वचनात बोलून नव्हे तर वागण्यातून, असं स्पष्ट आहे, आणि ह्याच बायका मला सांगायच्या, रोज सकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर एक वचन पाठव!

त्या दिवसांत मला आधार दिला तो बायबलमधल्या स्तोत्र ८८ ने. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. असं गाऱ्हाणं देवाला चालतं, तर ह्यांचं गप्प बसणंही त्याच्या कानाआड जात नसेल, असं वाटलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय नव्याने वाचला. त्यात येशूने सांगितलेल्या हरवण्या-सापडण्याच्या तीन गोष्टी आहेत. हरवलेल्या मेंढरामागे मेंढपाळ जातो, नाण्यासाठी बाई दिवा लावून घर झाडते. पण घर सोडून गेलेल्या मुलाला शोधायला बाप दूर देशी जात नाही. तो घरीच राहतो, आणि मुलगा दूर असतानाच त्याला ओळखतो. माणूस मेंढरासारखा खांद्यावर टाकून आणता येत नाही, हे मला तिथे उमगलं.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोक एक गोष्ट सोयीने विसरतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हा मागे कुणीतरी रडलंच होतं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. कित्येक वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. त्या आल्या त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला. टिळकांसारख्या माणसालाही बायकोच्या वतीने विश्वास ठेवता आला नाही, तिथे मी कोण?

घरात काही गोष्टी हळूहळू ठरत गेल्या. मुलांना शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाला, हेच स्कूटरवरून सोडतात. जेवणाआधीची प्रार्थना मी करते, तोवर ते घास उचलत नाहीत, आमेनही म्हणत नाहीत. पाळकसाहेबांना मी सांगितलं, चार माणसं घेऊन येऊ नका, एकटे चहाला या. ते येतात, दोघं क्रिकेटवर बोलतात. एकदा लेकीने भर जेवणात विचारलं, "पप्पा नरकात जाणार का?" मी म्हटलं, "न्याय करायचं काम आपल्याला दिलेलं नाही. पोळी खा." हे हसले. त्या विषयावर आम्ही एकत्र हसलो ते पहिल्यांदाच.

पेटीवर आता कॉलेजचा एक मुलगा बसतो. त्याला हे घरी शिकवतात. मंडळीत काहींना यात चांगलं लक्षण दिसतं. मला दिसत नाही. त्यांना पेटी आवडते, इतकंच. माझी प्रार्थनाही आता आखूड झाली आहे. पूर्वी देवाला मार्ग सुचवायचे, आता फक्त ह्यांचं नाव घेते. भीती गेलेली नाही, पण तिच्यासकट झोप येते.

पुढच्या वर्षी लेकीचं दृढीकरण आहे, म्हणजे आपला विश्वास स्वतः सर्वांसमोर कबूल करण्याचा विधी. येणार म्हणालेत. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणार का, ते मी विचारलेलं नाही.