अभियांत्रिकीच्या प्रकाशकाने समाजमाध्यमांवर काय द्यावे?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अभियांत्रिकीचे पुस्तक घ्यायला आलेला विद्यार्थी लेखकाच्या आधी पॅटर्न, म्हणजे पुस्तक कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचे आहे ते, विचारतो, कारण विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला की जुनी आवृत्ती त्याच्या फारशी कामाची राहत नाही. अशा पुस्तकांच्या प्रकाशकासाठी मजकूर आखताना मी परीक्षेचे वेळापत्रक आधी समोर ठेवतो. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये पहिली दोन युनिट्स 30 गुणांच्या इनसेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, आणि उरलेली 70 गुणांच्या एंडसेमला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला येतात. तेव्हा इनसेमच्या तोंडावर पाचव्या युनिटवरची पोस्ट कितीही देखणी असली तरी ती वाचणार कोण?

मुखपृष्ठ आणि सवलतीचा आकडा यांवर कुणी थांबत नाही. अडलेला प्रश्न सुटताना दिसला तर मात्र थांबतात. तुळईवर शिअर फोर्स (कातर बल) जिथे शून्यातून जातो तिथेच बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) कमाल का असतो, हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न घ्या. शिअर फोर्सची आकृती वर आणि बेंडिंग मोमेंटची खाली ठेवली आणि वरची आकृती म्हणजे खालच्या आकृतीचा उतार आहे एवढे दाखवले, की पोस्ट तयार होते. फक्त छापील पानावरची आकृती तशीच उचलू नये, कारण तिच्यावरची अक्षरे मोबाइलवर वाचता येत नाहीत. ती नव्यानेच काढावी लागते, आणि हा खर्च मंजूर करून घेणे हेच खरे तर माझ्या कामातले सर्वांत अवघड प्रकरण आहे.

इन्स्टाग्रामवर विद्यार्थी भेटतात, तर पुस्तक सुचवणारे प्राध्यापक लिंक्डइनवर. यूट्यूबवरचे सोडवलेले उदाहरण पुढच्या सत्रातही शोधले जाते, म्हणून वेळ कमी असेल तर मी रील सोडून ते करतो.

15 सप्टेंबरच्या अभियंता दिनाला विश्वेश्वरय्यांचा फोटो आणि शुभेच्छा सगळेच टाकतात. त्याऐवजी, पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे 1903 मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला बसवले गेले, ते कसे चालत, हे आकृतीसह सांगता येते. पुण्याच्या प्रकाशकाला याहून जवळचा विषय कुठून मिळणार?

शुद्धिपत्राबाबत मात्र विक्री विभागाशी माझा वाद होतो. चुकलेले उत्तर जाहीरपणे दुरुस्त केले तर खप घटेल, असे त्यांना वाटते. पण ती चूक वर्गात फळ्यावर आधीच सापडलेली असते आणि तिची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरत असतात, म्हणून आवृत्ती व पृष्ठक्रमांकासह दुरुस्ती देणारी पोस्ट पानाच्या सर्वांत वर पिन केलेली असावी, असे माझे मत आहे.