जीवाणू औषध कशाला बनवतात?

व्याख्यान संपून चहा आला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, एवढासा जीवाणू, त्याला अँटिबायोटिक बनवायची अक्कल येते कुठून? आणि आपल्यासाठी तो कशाला बनवेल?’

आपल्यासाठी मुळीच नाही. तो स्वतःचं बघतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकच जीवाणू घेऊन सांगते: स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झनी याच्यातून स्ट्रेप्टोमायसिन काढलं. क्षयावर लागू पडलेलं ते पहिलं अँटिबायोटिक.

जीवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर याची वसाहत आधी चामड्यासारखी चिवट असते, लूपने, म्हणजे तारेच्या कड्याने, खरवडली तरी धड निघत नाही. मग तिच्यावर पांढुरकी पूड धरते, ते बीजाणू. झाकण उचललं की पहिल्या पावसाचा वास येतो. तोही हाच बनवतो.

पूड धरणं आणि स्ट्रेप्टोमायसिन बनणं, दोन्हींचा हुकूम एकाच रेणूकडून सुटतो. १९६७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ खोख्लोव यांनी तो शोधला, नाव ए-फॅक्टर. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्याचा कच्चा माल. साखर मोडताना वाटेत तयार होणारा तीन कार्बनचा एक तुकडा आणि मेदाम्ल बनवताना अर्धवट राहिलेली एक साखळी. एक एन्झाइम दोन्ही जोडतं, मग थोडी डागडुजी, झाला निरोप तयार. वेगळं सामान काही आणावं लागत नाही.

पेशी थोड्या असतात तेव्हा तो नगण्य असतो. गर्दी वाढली की साचतो. पेशीत आर्प-ए नावाचं प्रथिन एका जनुकावर ठाण मांडून बसलेलं असतं. ए-फॅक्टर त्याला चिकटला की ते उठतं, आणि पुढची जनुकं एकामागून एक जागी होतात. ज्या ग्रिसियसना ए-फॅक्टर बनवताच येत नाही त्यांना ना पूड धरते, ना औषध होतं. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना सरळ ‘टकले’ म्हणतो. खाद्यात ए-फॅक्टर टाका, अगदी नावापुरता, की टकल्यांनाही पूड धरते.

‘पण मग तो स्वतःच्याच विषाने मरत नाही?’ हा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. पेशीच्या आत तो स्ट्रेप्टोमायसिनवर एक फॉस्फेट बसवून ठेवतो, म्हणजे ते निकामी. बाहेर गेल्यावर दुसरं एन्झाइम ते फॉस्फेट काढतं. औषध बनवणारी आणि त्यापासून वाचवणारी जनुकं शेजारीशेजारी असतात.

मग कुणीतरी सुचवतं, हा ए-फॅक्टर या घराण्यातल्या सगळ्याच स्ट्रेप्टोमायसिसना पाजा की, त्यांचीही औषधं जागी होतील! ग्रिसियसचाच भाऊबंद स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर, त्याचा जीनोम २००२ साली वाचला, तेव्हा अँटिबायोटिकसारखे पदार्थ बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह सापडले, आणि त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत गप्पच बसतात. पण त्याचा निरोप्या वेगळा आहे. सांगाडा तोच, शेपूट थोडी निराळी, आणि तेवढ्यावरून ग्रिसियसचा निरोप तो ओळखत नाही.