आम्ही जिराफ विकत नाही

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या बायोफाख या सेंद्रिय मालाच्या व्यापारी प्रदर्शनात दुभाष्याचं काम करायचं हे माझं तिसरं वर्ष. फेब्रुवारी, त्यामुळे बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत हॉलमध्ये स्वेटर नकोसा व्हावा इतकी गर्दी. यंदा माझ्या वाट्याला आला युगांडाच्या एका शेतकरी गटाचा स्टॉल. माल म्हणजे सुकवलेला अननस, तीळ आणि थोडी व्हॅनिला.

सजावटवाल्यांनी मागच्या भिंतीवर मावळता सूर्य, एक झाड आणि दोन जिराफ लावून ठेवले होते. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. गटाच्या प्रमुख बाई आल्या, बॅग खांद्यावरून न उतरवता भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही जिराफ विकत नाही." मग आम्ही दोघींनी पांढरे कागद चिकटवून जिराफ झाकले आणि त्यावर सेंद्रिय प्रमाणपत्राची मोठी प्रत लावली.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "हा अननस करपलाय का?" करपलेला नसतो. बाजारातल्या पिवळ्याधमक सुक्या फळांवर बहुधा गंधकाची प्रक्रिया केलेली असते. युरोपच्या सेंद्रिय नियमांत सुक्या फळांना ती चालत नाही, म्हणून आमच्या चकत्या गुळासारख्या तांबूस. एक किलो चकत्यांना दहा किलोंहून जास्त ताजे अननस लागतात. साल, दांडा गेला, बाकीचं पाणी उडालं. हे सांगितल्यावर लोक चकती तोंडात टाकून जरा सावकाश चावतात, असं माझं निरीक्षण.

पण चवीवर सौदा होत नाही. दुसरा प्रश्न येतो कागदांचा, आणि तिथेच खरा घोळ. युरोपीय संघाचा नियम २०१८/८४८ हा २०२२ पासून लागू झाला. त्यात एकत्र सेंद्रिय प्रमाणपत्र घेणाऱ्या शेतकरी गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व हवं आणि सभासद जास्तीत जास्त २,०००. आधी निर्यातदार कंपनीच्या नावावर प्रमाणपत्र असलं तरी भागत होतं. सेंद्रिय शेतकऱ्यांच्या संख्येत युगांडा जगात अगदी वरच्या नंबरांत, बहुतेकांची शेती जेमतेम काही एकरांची. त्यांचे मोठाले गट फोडायचे, प्रत्येकाची वेगळी नोंदणी, वेगळं खातं, वेगळी अंतर्गत तपासणी. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस दरवर्षी किमान ५ टक्के सभासदांकडे स्वतः जाणार आणि २ टक्क्यांच्या मालाचे नमुने घेणार. फसवणूक रोखायला हे हवंच, मान्य. पण खर्च कोण भरतो? दोन एकरवाला.

पलीकडे ट्युनिशियाचे खजूरवाले होते. त्यांच्या देशाचे सेंद्रिय नियम युरोपने समकक्ष मानलेत, त्यामुळे त्यांची फाइल वेगळी आणि दुखणीही वेगळी. बुर्किना फासोचा सुका आंबा, इथिओपियाची कॉफी, सगळ्यांना एका 'आफ्रिका' पाटीखाली बसवलं की हे दिसतच नाही. "आफ्रिकेत पाऊस कसा झाला यंदा?" असं एका गृहस्थांनी विचारलं. मी भाषांतर केलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या गावातला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली ती मला अजिबात पटली नव्हती. नमुन्याच्या काचेच्या बरणीत निवडक, गोल गरगरीत चकत्या होत्या. त्या काढून बाईंनी खोक्यातला माल जसाच्या तसा ओतला, तुटक्या तुकड्यांसकट. मी म्हटलं, "अहो, प्रदर्शन आहे." तर म्हणाल्या, "प्रयोगशाळेचा अहवाल या लॉटचा आहे. बरणीतही हाच लॉट हवा. कंटेनरमधून काय येणार ते आजच बघू देत."

दुपारपर्यंत दोघांनी बरणीत डोकावून पाय काढता घेतला. मी मनात म्हणत होते, बघा, सांगितलं होतं.

चारच्या सुमारास मुसली (धान्य आणि सुक्या फळांचं न्याहारीचं मिश्रण) बनवणाऱ्या कारखान्याचा खरेदी अधिकारी आला. त्याने चकत्या बाजूला सारल्या आणि चमच्याने तुटके तुकडेच हातावर घेतले. ओलावा किती, तुकड्यांचा आकार किती मिलिमीटर, महिन्याला किती किलो, वर्षभर मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "वर्षभर नाही. हंगाम दोन, मधे थांबावं लागेल." हे वाक्य जर्मनमध्ये जरा गुळगुळीत करून सांगायचा मोह मला झाला होता, पण तसंच सांगितलं.

त्याने वहीत हंगामाचे महिने लिहून घेतले. भाव काही ठरला नाही. पाच किलो तुकडे पाठवा म्हणाला, त्याच लॉटचे, आणि लॉट नंबर बरणीवरून स्वतः उतरवून घेतला.