तुम्ही विचारलंत म्हणून: सिंथ मॉडेलरच्या आत की बाहेर?

‘गिटार सिंथ मॉडेलरच्या रिटर्नमध्ये घालू, की सरळ मिक्सरला देऊ?’ या प्रश्नाला बरीच वर्षं माझं ठरलेलं उत्तर होतं: दोन्ही चालतं. (गिटार सिंथ म्हणजे गिटारच्या तारांवरून सिंथेसायझरचे आवाज वाजवणारं यंत्र, मॉडेलर म्हणजे अँप, स्पीकर आणि इफेक्टची नक्कल करणारं, आणि रिटर्न म्हणजे बाहेरचा आवाज मॉडेलरमध्ये घ्यायचा जॅक.) झालं असं, की लोकांनी दोन्ही एकदम केलं आणि मग ‘गिटार पातळ का झाली’ म्हणून परत विचारायला आले. तेव्हा आता नीट सांगणं आलं.

आधी सोबत येणारा टोमणा निकालात काढू. मॉडेलरमध्येच सिंथचे ब्लॉक (आवाजाच्या साखळीतले तयार घटक) असताना गिटारपासून सिंथपर्यंत १३ पिनांची ती जाड केबल कशाला? कारण मॉडेलरला सहा तारांचा आवाज एकत्र कालवलेला मिळतो. एकेक सूर वाजवा, तो ओळखेल. कॉर्ड छेडली की बहुतेक ब्लॉक भांबावतात. गिटारवर लावायचा जीके-३ सारखा पिकअप प्रत्येक तार वेगळी उचलतो. १३ पैकी १ ते ६ पिनांवर सहा तारा, आणि ७ व्या पिनवर गिटारच्या नेहमीच्या पिकअपचा आवाज. हा सातवा पिन लक्षात ठेवा, पुढचा घोळ त्याचाच आहे.

जोडणी सोपी आहे. जीआर-५५ हा गिटार सिंथ धरू. १३ पिनी केबल सिंथमध्ये, सिंथचं ‘गिटार आउट’ मॉडेलरच्या गिटार इनपुटमध्ये, आणि सिंथचे डावे-उजवे आउटपुट मॉडेलरच्या दोन रिटर्नमध्ये. रिटर्नची पातळी इन्स्ट्रुमेंटवर नव्हे, लाइनवर ठेवा, नाहीतर पॅड (मागे लांब धरलेला सिंथचा आवाज) जोरात आला की इनपुट फाटतं. मोनो हवं असेल तर फक्त ‘एल/मोनो’ जॅक वापरा. रिटर्न कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल करणाऱ्या, ब्लॉकनंतर यायला हवा. गिटारच्या स्पीकरचं कॅबिनेट साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतं. गिटारला ते हवंच असतं, पण स्ट्रिंग्ज किंवा पियानो त्यातून गेला की भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. हेलिक्ससारख्या मॉडेलरमध्ये दुसऱ्या पाथचं (आवाजाच्या दुसऱ्या वाटेचं) इनपुटच रिटर्न म्हणून निवडता येतं, मग कॅबिनेट मध्ये येतच नाही.

इथवर सगळे येतात. घोळ यापुढे.

समजा, क्लीन टोनवर आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) आहे आणि मागे हलका पॅड. घरी हेडफोनवर पॅड ऐकण्याच्या नादात लक्षात येत नाही. मंचावर मात्र दुसरी तार मोकळी वाजवली की तो सूर खड्ड्यात पडल्यासारखा बसतो आणि शेजारचे सूर शाबूत राहतात. साउंडवाला २५० हर्ट्झ वाढवतो. त्याने पॅड घोंघावायला लागतो, गिटार तशीच राहते. मग अँप मॉडेल बदला, कॅबिनेट बदला, पिकअपची उंची बदला. शेवटी कोणीतरी वैतागून सिंथ म्यूट करतं आणि गिटार एकदम भरून येते. म्हणजे पॅड नुसता वर बसत नव्हता, गिटारला खात होता.

कारण असं. सिंथच्या पुष्कळ पॅचमध्ये, म्हणजे सेव्ह केलेल्या आवाजांमध्ये, नेहमीचा पिकअपही मिसळलेला असतो. म्हणजे सातव्या पिनवरची गिटार दोन वाटांनी स्पीकरपर्यंत पोचते: एक गिटार आउटमधून मॉडेलरच्या इनपुटला, दुसरी सिंथच्या कन्व्हर्टरमधून फिरून रिटर्नला. दुसरी थोडी उशिरा येते. हा उशीर २ मिलिसेकंद धरा. ज्या सुराचं अर्धं आवर्तन २ मिलिसेकंदांचं, तो स्वतःलाच खोडतो: २५० हर्ट्झ. पुढे ७५०, १२५०, असे खड्डे वरपर्यंत. मोकळी दुसरी तार २४७ हर्ट्झवर असते, म्हणून नेमका तिचाच बळी. अँप आणि कॅबिनेटही फेज (लहरीचं आवर्तनातलं स्थान) फिरवतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके स्वच्छ निघत नाहीत, पण खड्डे असतात. फेज उलटवून, म्हणजे लहर वरची खाली करून, बघणारे भेटतात. त्याने खड्डे फक्त दुसरीकडे सरकतात, कारण अडचण ध्रुवतेची नाही, वेळेची आहे. डिस्टॉर्शनवर हाच दोष वेगळा दिसतो: जाड आवाजाखाली एक किरकिरी, उघडी गिटार.

उपाय दोन मिनिटांचा. कार्यक्रमात वापरायच्या प्रत्येक पॅचमध्ये नॉर्मल (म्हणजे तोच नेहमीचा) पिकअप बंद करा आणि पॅच सेव्ह करा. प्रत्येक, म्हणजे एन्कोअरसाठी ठेवलेलासुद्धा. तपासणी अशी: मॉडेलरचं गिटार इनपुट म्यूट करा, तारा छेडा, सिंथशिवाय गिटारचा अंशही ऐकू आला तर तो पॅच राहिलाय. जीकेवरच्या गिटार-मिक्स-सिंथ स्विचने हे भागत नाही का? नाही. तो सिंथवर नेला की सातवा पिनच मुका होतो, मॉडेलरला काहीच मिळत नाही, आणि शिव्या मॉडेलर खातो. स्विच मिक्सवर ठेवा आणि वरून टेप लावा.

‘सिंथ मागे पडतो’ ही तक्रारही मॉडेलरच्या माथी मारली जाते. जाड ई तार ८२ हर्ट्झची, तिचं एक आवर्तनच १२ मिलिसेकंदांचं. सूर ओळखायला दोनेक आवर्तनं लागली तर तिथेच २४ गेले. कुठलाही प्रोसेसर तारेला लवकर हलवू शकत नाही. बेसचा आवाज हवा असेल तर एक सप्तक वर वाजवा आणि सिंथमध्ये १२ सेमीटोन खाली उतरवा. वाट बघणं निम्म्यावर येतं. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि जीके पिकअपमध्ये १ मिलिमीटर अंतर आहे ना, हे सहाही तारांना बघा. प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटीही वेगळी लावा.

आता मूळ प्रश्न. पूर्वी मी आत घ्या असंच सांगत असे: आउटपुटची एकच जोडी, साउंडवाल्याला कमी चॅनेल, सिंथची पातळी स्नॅपशॉटमध्ये (एकाच प्रीसेटमधल्या जतन केलेल्या मांडणीत) जतन. ते मुद्दे आजही खरे आहेत. पण प्रीसेट (मॉडेलरची पूर्ण जतन केलेली जुळणी) बदलला की बहुतेक मॉडेलर क्षणभर गप्प होतात, आणि रिटर्नमधून येणारा पॅड त्या क्षणी तुटतो. एका प्रीसेटमध्ये स्नॅपशॉट किंवा सीन वापरले तर हे टळतं. दोन गाण्यांचा सांधा पॅडवर धरायचा असेल तर सहसा टळत नाही. शिवाय शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवरचा आवाज दाबणारा) असेल तर गिटारच्या प्रत्येक फटक्याला पॅड खाली बसतो.

मग बाहेर? सिंथचा स्वतःचा डीआय (आवाज मिक्सरला जोडणारी पेटी), गुणगुण आली तर तिचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंड तोडणारा स्विच), आणि पातळी साउंडवाल्याच्या हाती. ही शेवटची गोष्ट मला आवडत नाही, हे कबूल. लीडच्या (पुढे वाजणाऱ्या मुख्य सुरावटीच्या) वेळी सिंथ किती पुढे हवा, हे त्याला कोण सांगणार? निदान सिंथचं एक्सप्रेशन पेडल पायाखाली असू द्या. पॅच बदलायला मॉडेलरचं मिडी आउट (यंत्रांना एकमेकांना आज्ञा द्यायचा जॅक) सिंथच्या मिडी इनला जोडा, दोन्हीकडे चॅनेल एकच ठेवा. एक यंत्र पॅचचे क्रमांक ० पासून मोजतं आणि दुसरं १ पासून, त्यामुळे शेजारचाच आवाज आला तर घाबरू नका, एकाने सरकवा.

आज विचारलंत तर सांगेन: पॅड बाहेर, लीड आत. एकाच गाण्यात दोन्ही असतील तर? गेल्या वेळी आत म्हटलं होतं, त्याच्या आधी बाहेर.